चार्ज कुणाकडे आहे?

आईशप्पथ सांगतो, खाली लिहिलेलं सगळं खरं आहे. माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. म्हणजे काही ठिकाणी मी हजर नव्हतो, पण जे होते त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं त्याच्यात मी थोडंसं... असो. एक जागा सोडली तर सगळं खरं आहे. ती जागा कुठली ते शेवटी सांगतो. वाचता वाचता शोधत बसू नका, चुकाल.

आमच्या कंपनीत प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा कापायच्या विभागाच्या, मागे भंगाराचा ढीग असतो. रोज उचलतात, रोज साठतो. पत्रा कापला की उरलेला तुकडा कुठेतरी पडणारच. ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच. आणि कंपनीनं 'फ्लेक्झी' आणल्यापासून तर हा ढीग पार गेटला येऊन टेकलाय.

कंपनी चाकणला. गाड्यांच्या दारांची कुलपं, बिजागऱ्या असला माल आम्ही बनवतो. मी प्लॅनिंगमध्ये. केस पिकलेत म्हणून सगळे काका म्हणतात. साहेबसुद्धा, आणि साहेब माझ्याहून मोठे आहेत.

* * *

फ्लेक्झी म्हणजे काय ते सांगायला तळवड्याच्या ऑफिसातून एचआरची एक पोरगी आली होती. आठवड्यातले दोन दिवस घरून काम, बाकीचे दिवस यायची-जायची वेळ थोडी मागेपुढे. घर आणि नोकरी यांची ओढाताण त्यामुळे कमी होते म्हणे. ही सवलत फक्त ऑफिसातल्या लोकांना. शॉपमध्ये मशिनवर उभं राहणाऱ्यांना नाही.

चहाच्या वेळी एक प्रेस ऑपरेटर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काका, माझी प्रेस पण घरी नेता आली असती तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "का रे बाबा?"

"बायकोला एक दिवस तो आवाज ऐकू दिला असता. मग तिला कळलं असतं, मी घरी गेल्यावर गप का बसतो ते."

चहा संपवून तो गेला. एचआरची पोरगी आत अजून स्लाइड दाखवत होती.

* * *

फ्लेक्झी कुणाला नको होती म्हणाल, तर आमच्या पाटणकर साहेबांना. ते प्लांट हेड. त्यांचं एकच वाक्य: "माणूस जागेवर पाहिजे."

त्यांचंही चूक नाही म्हणा. आमच्या धंद्यात एकच भीती असते. आमचं कुलूप वेळेवर पोचलं नाही तर पलीकडे गाडीवाल्या कंपनीची लाइन थांबते. लाइन थांबली की तिथून वर, वरून खाली असे फोन सुरू होतात आणि शेवटचा फोन ज्याच्या टेबलावर वाजतो, त्याचं जेवण जात नाही.

नवीन पोरांच्या ट्रेनिंगमध्ये साहेब स्वतःचं उदाहरण द्यायचे. ते तरुण असताना त्यांचे वडील चिंचवडला हॉस्पिटलात होते. घरून फोन आला, लगेच ये. इकडे लाइन थांबायच्या बेतात. त्यांच्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. साहेब गेले नाहीत. "आणि लाइन थांबली नाही," असं म्हणून ते पुढच्या स्लाइडवर जायचे.

वडिलांचं पुढे काय झालं, हे कुणी पोरगं विचारत नसे. साहेब सांगत नसत.

हेड ऑफिसनं फ्लेक्झी लादली तेव्हा त्यांनी ती ट्रायलवर घेतली. ट्रायल संपली की रिव्ह्यू, आणि रिव्ह्यूत ठरणार, ठेवायची की बंद करायची. एक नियम त्यांनी स्वतःचा घातला. घरून काम करणाऱ्यानं मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायचा. कॅमेरा बंद, म्हणजे माणूस गैरहजर. गैरहजर दिसला त्याची फ्लेक्झी गेली.

साहेब स्वतः रोज सगळ्यात शेवटी निघायचे. त्यांचं घर आमच्यापैकी कुणी बघितलेलं नाही. गित्ते म्हणतो, साहेबांनी तरी कुठं नीट बघितलंय!

* * *

हा गित्ते लातूरचा. आमच्यात सगळ्यात तरुण. मारुंजीला भाड्याच्या घरात राहतो. एक हॉल, एक खोली, एक टेबल, एक बायको. बायको आयटीत. तिलाही घरून काम.

पहिल्याच आठवड्यात तिच्या बंगळूरच्या साहेबानं तिला मीटिंगमध्ये थांबवून विचारलं, तुझ्या मागे भांडण चाललंय का, सगळं ठीक आहे ना? मागे गित्ते फोनवर ओरडून ट्रक सोडत होता. ती म्हणाली, "भांडण नाही सर. डिस्पॅच चाललाय."

मग टेबलाची वाटणी झाली. अर्धा तास ह्याचा, अर्धा तास तिचा. वेळ झाली की ती काही बोलत नाही, नुसती येऊन शेजारी उभी राहते. गित्ते आम्हाला म्हणाला, "काका, आपले साहेब लई बरे बगा. ते निदान ओरडतात तरी."

हळूहळू दोघं एकमेकांची कॅलेंडरं बघून बोलायला लागली. एक दिवस गित्तेला बायकोकडून मीटिंगचं आमंत्रण आलं. विषय: 'आपल्याबद्दल'. वेळ पंधरा मिनिटं. नेमका तेव्हाच त्याला साहेबांचा कॉल. आता हा पडला सरळ माणूस. त्यानं नकारही दिला नाही, होकारही दिला नाही. 'टेंटेटिव्ह' दाबलं.

पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी फक्त ईमेलवर बोलत होती. सीसीमध्ये सासूबाई!

तेव्हापासून गित्ते वेळेचा फार पक्का झाला. एरवी त्याला बोलायला उभं केलं की बसवावं लागायचं. आता घरून बोलत असला की अर्धा तास संपायच्या आत, मध्येच वाक्य तोडून, 'एवढंच सर' म्हणतो आणि थांबतो. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

* * *

माझंही सांगतो. मी मोशीला सोसायटीत राहतो. घरून काम करायच्या पहिल्या दिवशी बायकोनं चहा पुढे ठेवला आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारलं, "मुक्काम किती दिवस?"

तिचंही बरोबर आहे. सकाळी आठनंतर ते घर इतकी वर्षं तिचं होतं. माझं तिथे काय काम?

वॉचमननं दोन-चार दिवस बघितलं आणि अख्ख्या बिल्डिंगची पार्सलं माझ्या दारात आणून ठेवायला सुरुवात केली. काका घरीच असतात. मग लोक जिन्यात भेटले की माझा हात हातात घेऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भाजी आणून देऊ लागल्या. मला वाटलं, वय झालं की मान मिळतो तो असा. शेवटी एक दिवस वरच्या मजल्यावरचे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ माझ्याजवळ बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "खचून जाऊ नका. माझ्या भाच्याचं चाकण रोडला मंगल कार्यालय आहे. त्याला विश्वासू माणूस पाहिजे."

माझी नोकरी गेली, अशी सगळ्या बिल्डिंगची खात्री झाली होती. मी बायकोला म्हटलं, तू सांगितलं नाहीस त्यांना? ती म्हणाली, "सांगणारच होते. पण भाजी चांगली असते त्यांची."

मात्र मंगल कार्यालयाचं ऐकल्यावर तिलाही ते लागलं. तिनं हुकूम काढला: घरून काम असलं तरी सकाळी बाहेर पडायचं. म्हणून आता मी आठ वाजता बूट घालतो, डबा घेतो, वॉचमनला हात करतो, बाजाराला वळसा घालतो, मागच्या गेटनं आत येतो आणि जिन्यानं वर चढतो.

पहिल्या दिवशी असा वर आलो, घामाघूम. बेल दाबली. बायकोनं दार उघडलं आणि म्हणाली, "आज लवकर?"

* * *

हे झाले हसण्यावारी न्यायचे किस्से. वैशालीचं तसं नव्हतं.

वैशाली आमच्याकडे डिस्पॅचचं प्लॅनिंग बघते. कुठला ट्रक कधी सुटणार, कुठल्या कंपनीला किती माल, सगळं तिच्या डोक्यात. राहायला चिखलीत. नवरा महेश भोसरीला हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात भट्टीवर. मुलगी ओवी, तिसरीत. आणि सासरे, आण्णा.

आण्णा चिखलीचेच मूळचे. जन्मभर त्यांनीही भट्टीवरच काम केलं. ती कंपनी केव्हाच बंद पडली. आता आण्णांची आठवण गेलीय. सगळी नाही, अध्येमध्ये. जेवलो की नाही ते आठवत नाही, पण भट्टी आठवते. घराबाहेर पडले तर परत यायचा रस्ता सापडत नाही. म्हणजे घरात त्यांच्यापाशी सतत कुणीतरी पाहिजे.

महेशची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. त्याची सुट्टी गुरुवारी, कारण भोसरीच्या पट्ट्यात गुरुवार हाच रविवार. वैशालीची आणि ओवीची सुट्टी रविवारी. त्यांच्या घरात तिघांचा एकत्र फोटो नाही. जो घरात असतो तो फोटो काढतो, आणि दुसरा कामावर असतो.

फ्लेक्झी आली नसती तर वैशालीनं त्याच महिन्यात नोकरी सोडली असती. तिनंच मला सांगितलं होतं. फ्लेक्झी आली आणि तिनं घरचे दोन दिवस आणि ऑफिसच्या वेळा महेशच्या शिफ्टमध्ये अशा काही बसवल्या, की असलं प्लॅनिंग तिनं कंपनीसाठीसुद्धा कधी केलं नसेल. बोटभर जागा कुठे शिल्लक नव्हती. फ्लेक्झी गेली तर नोकरी गेली, इतका साधा हिशेब.

एकदा सकाळी मी तिच्या घरी ट्रकच्या कागदांवर सही घ्यायला गेलो होतो. महेश नाईट करून येत होता, ही निघायच्या तयारीत. आणि उंबऱ्यावर मी जे बघितलं ते सांगतो.

भट्टीवर एक रीत असते. भट्टी थांबत नाही. तुमची शिफ्ट संपली तरी तुमच्या जागेवर येणारा, त्याला रिलीव्हर म्हणतात, तो आल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो आला की त्याला सगळं सांगायचं, त्यानं 'चार्ज घेतला' म्हणायचं, मग तुम्ही मोकळे. ही रीत ह्या नवराबायकोनं घरात आणली होती.

वैशाली चप्पल घालून दारात उभी. महेश बाहेर. ती म्हणाली, "चहा झाला. गोळी दिली. पेपर वाचून झालाय, परत वाचतील, वाचू द्या. मागच्या दाराला कडी आहे."

महेश म्हणाला, "चार्ज घेतला."

तेव्हा कुठे तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, आणि त्यानं आत. बस्स. नवराबायकोची त्या दिवसाची भेट एवढीच. आण्णा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "ब्येस हाय पोरगी. जागा सोडत न्हाई."

* * *

मग तो मंगळवार आला.

मंगळवार वैशालीचा घरचा दिवस. महेशला त्या आठवड्यात नाईट. सकाळी साहेबांचा ग्रुपवर मेसेज: आज सगळे ऑफिसात. कारण मोठं काही नव्हतं. कुठल्याशा गाडीवाल्या कंपनीचा माणूस येणार होता, आणि त्याला खुर्च्या भरलेल्या दिसायला पाहिजे होत्या.

महेश नुकताच झोपला होता. वैशालीनं त्याला उठवलं, उंबऱ्यावर उभं केलं आणि चार्ज दिला. त्यानं डोळे मिटूनच घेतला. ती चाकणला आली आणि गाडीवाल्या कंपनीच्या माणसासमोर खुर्ची भरून बसली.

महेश आण्णांशेजारी बसल्या बसल्या झोपला. त्याला दोष कसा द्यायचा? रात्रभर भट्टीसमोर उभा होता. जाग आली तेव्हा दार उघडं, आणि शेजारची खुर्ची रिकामी.

त्यानं वैशालीला फोन केला. ती मीटिंगमध्ये. फोन उलटा ठेवलेला. त्यानं परत केला. टेबलावर फोन थरथरत होता, आणि साहेब तिच्याकडे बघत होते. शेवटी मी पाण्याचा ग्लास सांडला. मुद्दाम. ती पुसायच्या निमित्तानं उठली आणि बाहेर जाऊन फोन घेतला. काचेतून मला दिसत होतं. ती चिखलीतल्या ओळखीच्यांचे नंबर एकामागून एक लावत होती.

आण्णा सापडले. स्पाइन रोडच्या पलीकडे एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याशी वाद घालत उभे होते. माझी शिफ्ट सुरू झाली, आत सोड. तो भरधाव गाड्यांचा रस्ता त्यांनी कसा ओलांडला, कुणाला माहीत नाही. ओळखीच्या किराणावाल्यानं बघितलं आणि गाडीवर बसवून आणलं.

त्या दिवशी घरी दोघांचं काय झालं ते वैशालीनं मला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सांगितलं. महेश म्हणाला, "तू सोड नोकरी." ती म्हणाली, "तुम्ही सोडा." भांडण तिथेच संपलं, कारण दोघांनाही दुसऱ्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं.

ताटातला भात तसाच ठेवून ती म्हणाली, "काका, रिव्ह्यू होऊ दे. साहेब काय म्हणतात बघते. नाही म्हणाले तर मी भांडणार नाही. त्या दिवशीच राजीनामा देऊन मोकळी होते."

एरवी गप्पा हाणणारा मी, नुसतं म्हटलं, "भात खा."

* * *

आता रिव्ह्यूचा दिवस.

दिवस शुक्रवारचा. वैशाली घरी, गित्ते घरी. मी ऑफिसात, साहेब त्यांच्या काचेच्या केबिनमध्ये, माझ्याकडे पाठ करून बसलेले. तरी सगळे आपापल्या स्क्रीनवर, कारण निम्मे लोक घरी होते. दहा पावलांवरच्या साहेबांचं तोंड मी लॅपटॉपवर बघत होतो.

रिव्ह्यू खरं तर सकाळी होता. साहेबांनी तो दुपारवर ढकलला. आणि दुपार म्हणजे महेशची फर्स्ट शिफ्ट सुटायची वेळ, ओवीची शाळेची व्हॅन यायची वेळ. वैशालीनं तेही बसवलं होतं. व्हॅनवाला पोरीला दारात सोडतो, महेश येऊन चार्ज घेतो.

पण महेशचा रिलीव्हर आला नाही. त्यानं मेसेज केला: माणूस आला नाही, भट्टी सोडता येत नाही.

साहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आज निकाल लावायचा. प्रत्येकानं आपलं बोलायचं. कॅमेरे चालू ठेवा." त्यांच्या आवाजावरून माझी खात्री झाली, की निकाल लागलेला आहे आणि आता फक्त वाचून दाखवायचा आहे.

पहिला नंबर गित्तेचा. दुसरा वैशालीचा.

गित्ते बोलायला लागला आणि वैशालीचा फोन वाजला. मला तिच्या चौकोनात दिसत होतं. तिनं फोन कानाला लावला, आणि तिचं तोंड बदललं. नंतर कळलं ते असं: गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खणलेला. व्हॅन आत येईना. ओवी कोपऱ्यावर उतरली आणि खडीवर तोंडावर पडली. हनुवटी फुटली. रक्त थांबेना. व्हॅनवाला म्हणाला, ताई, पटकन या, व्हॅनमध्ये बाकीची मुलं आहेत, मला सोडून येता येत नाही.

पोरगी कोपऱ्यावर. आण्णा घरात. साहेब स्क्रीनवर.

तिनं विचार केला असणार, गित्ते बोलतोय, म्हणजे वेळ आहे. गित्ते कधी आटपत नाही. घरून बोलताना तो आटपतो, हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं नाही. तिनं माइक बंद केला. कॅमेरा बंद करायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग उठली. आण्णांचा हात धरून त्यांना आणलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आण्णांना रागावून, विनवून, कुलूप लावून कुठल्याच उपायानं जागेवर बसवता येत नाही, हे तिला माहीत होतं. कशानं बसवता येतं, हेही तिला माहीत होतं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, काहीतरी बोलली. आण्णांनी मान हलवली. शर्टाचं वरचं बटण लावलं.

ती गेली.

आणि त्याच क्षणी गित्तेचा अर्धा तास संपला. त्याच्या खांद्यामागे बायको येऊन उभी राहिलेली मला दिसली. गित्ते अर्ध्या वाक्यात थांबला. "एवढंच सर."

"चांगलं," साहेब म्हणाले. "वैशाली मॅडम, बोला."

वैशालीच्या चौकोनात पांढऱ्या मिशांचे एक म्हातारे गृहस्थ ताठ बसलेले. त्यांनी समोर बघितलं. कुणीतरी बोलतंय, पण आपला आवाज पोचत नाहीय, असं काहीसं त्यांना वाटलं असावं. त्यांनी लॅपटॉपवर बोटानं एकदा, दोनदा टकटक केलं. भट्टीच्या पॅनेलवर करत असतील तसं. कुठलं बटण दाबलं गेलं देव जाणे, माइक चालू झाला.

साहेब म्हणाले, "कोण आपण? मॅडम कुठे आहेत?"

"भायेर गेलीया," आण्णा म्हणाले. "चार्ज माझ्याकडं हाय."

कुणी हसलं नाही. मी वैशालीला मेसेज करत होतो. मेसेज जात होता, ती बघत नव्हती. मी तोंड उघडलं, म्हटलं, साहेब, नेटचा काहीतरी प्रॉब्लेम दिसतोय. आण्णांचं चित्र आरशासारखं स्वच्छ दिसत होतं.

"आजोबा," साहेब म्हणाले. आवाज अजून शांत होता, पण तो शांत आवाज आम्हाला माहीत आहे. "ही कंपनीची मीटिंग आहे. मॅडमना बोलवा. नसतील तर हे बंद करून टाका."

"बंद करायचं न्हाई," आण्णा म्हणाले. "चालू हाय. चालू मशिन सोडून जायचं नसतंय."

"त्या कधी येणार?"

"रिलीव्हर यील तवा यील. त्याच्याबिगर मी जागा सोडत न्हाई."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं, झालं. आता ते आम्हा सगळ्यांना सांगणार, बघा, हेच मी म्हणत होतो. वैशालीची नोकरी त्या वाक्यात जाणार होती, आणि ते वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

तेवढ्यात आण्णा स्क्रीनकडे वाकले. साहेबांचं तोंड जवळून निरखून बघितलं. केस बघितले, डोळे बघितले. आणि एका कामगारानं दुसऱ्याला विचारावं तसं विचारलं, "तुमचा न्हाई आला?"

"नाही आला," साहेब म्हणाले.

आण्णांनी मान हलवली. "मंग बसा. म्या हाय."

साहेब बसून राहिले. आम्ही पण बसलो. किती वेळ ते मला विचारू नका.

मग दार वाजलं. वैशाली आत आली. ओवी कडेवर, ओढणीनं तिची हनुवटी दाबून धरलेली, ओढणी लाल. तिनं खुर्चीत आण्णांना बघितलं. स्क्रीन बघितली. तिला कळलं, सगळं संपलं.

आण्णा उठले आणि तिला रीतीप्रमाणे सगळं सांगितलं. काय चालू आहे, काय बंद आहे, पलीकडे एक साहेब आहेत, त्यांचा माणूस आलेला नाही. मग वाट बघत उभे राहिले. ती काही बोलेना, म्हणून त्यांनीच आठवण करून दिली. "घेतला म्हन."

"चार्ज घेतला, आण्णा," वैशाली म्हणाली.

आण्णा चहा मागायला आत गेले.

साहेबांचा आवाज आला, "मॅडम, मुलीला डॉक्टरकडे न्या. डिस्पॅच काका बघतील." डिस्पॅच मी बघितला. ट्रक वेळेवर सुटला. ओवीला टाके पडले, आता व्रणसुद्धा नीट दिसत नाही.

रिव्ह्यूचा निकाल आजतागायत आलेला नाही. फ्लेक्झी अजून ट्रायलवरच आहे. वैशाली मंगळवारी आणि शुक्रवारी घरून काम करते, आणि मंगळवारी सकाळी ग्रुपवर साहेबांचा मेसेज येत नाही.

* * *

आता खोटं कुठलं ते सांगतो, कबूल केलंय म्हणून.

गित्तेचं टेंटेटिव्ह खरं आहे, तो स्वतः सांगतो. बूट घालून बाजाराला वळसा मारतो तेही खरं, आजच मारून आलो. आण्णा जे बोलले ते सगळं खरं आहे.

साहेबांचं 'नाही आला' तेवढं मी घातलंय. त्यांनी उत्तर दिलंच नाही. आण्णांनी विचारलं, आणि साहेबांनी कॅमेरा बंद केला. चौकोन काळा झाला, म्हणजे त्यांच्याच नियमानं माणूस गैरहजर. मीटिंग मात्र त्यांनी चालू ठेवली. काचेपलीकडे मला त्यांची पाठ दिसत होती.

त्यामुळे वैशालीला चार्ज देताना आण्णांनी जे सांगितलं, तेही मला मघाशी पुरतं सांगता आलं नाही. ते म्हणाले ते असं:

"एक सायेब हायेत पलीकडं. त्यांचा मानूस आला न्हाई. लाइट गेलीया त्यांच्याकडची. पण जाग्याव हायेत."